बुधवारची गाडी

मोदेना, बुधवार, १५ जून २०१६

प्रिय लोरिस,

बाबा सकाळी सातपासून दारात उभे आहेत. टोपी घातलीय, कोटाच्या खिशात रुमाल कोंबलाय. मी आत बोलावलं की म्हणतात, "गप गं, गाडीचा आवाज ऐकू दे." हा तिसरा बुधवार. तू आला नाहीस, फोनही केला नाहीस.

तुला वेळ नसणार, कळतंय मला. कोमोच्या लिलावात ताराबूसीच्या सातव्या गाडीवर हातोडा पडल्यापासून लुगानोला तुझ्या जुन्या गाड्यांच्या दुकानात रीघ लागली असेल. एकतीस लाख युरो! खालच्या कॉफीच्या दुकानात आठ दिवस दुसरा विषय नाही. ताराबूसीच्या गाडीला एवढे? नऊ गाड्या बनवून ज्याचा कारखाना बसला, ज्याची अर्धी शेड कोंबड्यांची होती, त्याच्या गाडीला? आजवर कुठल्याही ताराबूसीला अठरा लाखांच्या वर कुणी दिले नव्हते. आता बाकीच्या आठांचाही भाव चढलाय. डॉक्टर ग्वाल्तिएरोंनी मला भर रस्त्यात मिठी मारली. त्यांच्या वडिलांनी एकसष्ट साली घेतलेली तिसरी गाडी, तिला बेल्जियमचा एक जण पंचवीस लाख द्यायला तयार आहे. म्हणाले, "नीवेस, चाळीस वर्षं गाईंच्या पोटात हात घालून जे मिळालं नाही ते वडिलांच्या हौसेनं मिळतंय."

लिलावाच्या पुस्तकात माझं पत्र अख्खं छापलंय, पाहिलंस ना? 'सातव्या गाडीची बॉडी एर्मेस बेर्गोन्झीनी यांनी १९५६ साली हातानं घडवली तीच आहे.' बाबांच्या नावाखाली माझी सही. ती गाडी अठ्ठावन्न साली बोटीनं मोंतेविदेओला गेली, आणि जवळजवळ साठ वर्षांनी तुला एका गुरंवाल्याच्या गोदामात सापडली! किती तरी वर्षं जगभरचे लोक मला विचारतात, ही खरी का? मी जाते, आत टॉर्च घालून पत्रा उलट्या बाजूनं पाहते आणि हो किंवा नाही लिहून देते. प्रवासखर्चापलीकडे कुणाकडून काही घेतलं नाही. तू हसायचास, "किंमत गाडीला नसते नीवेस, तुझ्या 'हो'ला असते."

एक सांगायचं राहून गेलंय. आईला पुरलं त्या दिवशी भांडून तू गेलास आणि दहा वर्षं फिरकला नाहीस. मी तुला माफ करायचं नाही असं ठरवलं होतं. पण दीड वर्षापूर्वी तू परत आलास. दर बुधवारी बाबांना फिरायला न्यायला लागलास. संध्याकाळी यायचे ते दमलेले, भुकेलेले, दोन वाडगे सूप पिऊन म्हणायचे, "आज काम छान झालं." मी म्हणायची, हो बाबा. दुपारचं जेवण ज्यांना संध्याकाळी आठवत नाही, त्यांच्या कामाचं काय घेऊन बसायचं? पण चेहरा कसा उजळलेला असायचा. त्यासाठी मी तुला सगळं माफ केलं. हे तोंडावर सांगायला जमलं नसतं म्हणून लिहिते.

येत जा रे. लिलाव संपला म्हणून बाप संपत नाही.

तुझी,
नीवेस


मोदेना, गुरुवार, ७ जुलै २०१६

लोरिस,

काल मी बाबांना घेऊन शेडवर गेले.

ठरवून नव्हते गेले. दोन तास दारात उभे राहून त्यांचे पाय सुजले होते, म्हणून म्हटलं, चला, मीच फिरवून आणते. गाडीत बसले आणि बोट दाखवायला लागले. "इथून डावीकडे. आता पूल. चर्चच्या पुढं उजवीकडे. हळू, कुत्रं येतं मध्ये." आणि खरंच कुत्रं आलं, लोरिस! स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाताना चुकणारा माणूस मला वीस किलोमीटर रस्ता सांगत होता. स्पिलाम्बेर्तोच्या बाहेर, चीज करणाऱ्यांच्या गोठ्यामागं एक शेड. बाबा उतरले, दार ढकललं आणि आपल्या घरात शिरावं तसे आत गेले.

आत काय होतं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला वाटतं तू ते कधी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसशील. मधोमध पत्रा ठोकायचा एल्म-लाकडाचा ओंडका, त्याला खळगे पाडलेले. वाळू भरलेली कातडी पिशवी. लाकडी मोगऱ्या, कानशी, ओळीनं लावलेल्या. तारांचा एक पिंजरा, सातव्या गाडीच्या आकाराचा. भिंतीला खिळा, आणि खिळ्याला बाबांचा निळा एप्रन. हा एप्रन मी गेल्या वर्षी घरभर शोधला होता. तुला फोनसुद्धा केला होता त्यासाठी. तू म्हणाला होतास, "टाकून दिला असशील, तुझं लक्ष कुठं असतं."

बाबांनी एप्रन चढवला, डाव्या हातात मोगरी घेतली आणि पत्र्याच्या एका कापलेल्या तुकड्यावर ठोकायला लागले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडं उभ्या राहा, उजेड अडतो."

नेल्लो मागच्या खोलीतून आला. बाबांचा जुना सोबती, एकोणऐंशीचा झालाय. मला पाहून त्यानं हातातला पत्रा खाली ठेवला.

"नीवेस, तुला लोरिसनं सांगितलं?"

"तुम्ही सांगा."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, तुला ठाऊक नसलेलंच बरं."

त्यानं सगळं सांगितलं. मोंतेविदेओहून तुला मिळाला तो नुसता सांगाडा. नंबर खरा, इंजिन खरं, पण बॉडी केव्हाच भंगारात गेलेली. तशी गाडी विकली असतीस तर दोन-तीन लाख मिळाले असते. मग तू बाबांना आणलंस. म्हणालास, "बाबा, ताराबूसींनी सातवी मागितलीय, लवकर हवी." बाबांनी विचारलंसुद्धा नाही की ताराबूसी अजून जिवंत कसा. नेल्लो पत्रा धरायचा, जोड मारायचा. बाबा ठोकायचे आणि जोड घासायचे. दहा महिने. "काय सांगू," नेल्लो म्हणाला, "मला माझं नाव विसरायला होतं, पण त्यांच्या हाताला एक मिलिमीटर विसरायला झालं नाही." मग तुझ्या सांगण्यावरून त्यानं तयार पत्रा तीन महिने गोठ्याच्या उकिरड्यात पुरून ठेवला. मीठ, व्हिनेगर, शेण. वर काढला तेव्हा साठ वर्षांचा दिसायला लागला.

"आणि मार्चनंतर?" मी विचारलं. "मार्चमध्ये तर मी लुगानोला येऊन गाडी पाहून गेले. पुढं दोन महिने बुधवारी तो यांना कशाला आणत होता?"

नेल्लो म्हणाला, "काम नव्हतंच. मी असेच तुकडे द्यायचो, ते ठोकत बसायचे. लोरिस म्हणाला, लिलाव होईपर्यंत आणत राहू, एकदम थांबलो तर बहिणीला शंका येईल."

लोरिस, गाडीचं मी समजू शकते. तू व्यापारी आहेस. पण ते शेवटचे आठ-नऊ बुधवारसुद्धा तू माझ्या डोळ्यात धूळ टाकायला आणलेस? त्या आठ-नऊ संध्याकाळी मी तुझ्यासाठी जेवण वाढलं होतं. तू दोनदा मागून घेतलंस.

केसानं गळा कापला म्हणतात तो असा. कापणाऱ्याचा हात गालावरून फिरतोय असंच वाटत राहतं.

नीवेस


मोदेना, १८ जुलै

लोरिस,

काल तू एकदाचा फोन उचललास. तू जे बोललास ते कागदावर असू दे, कारण फोनवर तू जिंकतोस. लहानपणापासून जिंकतोस. मला उत्तर सुचतं ते भांडी घासताना.

तू म्हणालास, "यात खोटं काय आहे ते दाखव. पहिली बॉडी कुणी केली? एर्मेसनं. ही कुणी केली? एर्मेसनं. त्याच मोगऱ्या, तोच ओंडका. लोक पत्र्याचे पैसे देत नाहीत गं, त्या हाताचे देतात. हात खराच आहे."

मी म्हटलं, "मग पुस्तकात तसंच छापायचं होतं. बॉडी २०१५, वय पंच्याऐंशी."

तू हसलास. "मग कुणी पाच लाखही दिले नसते."

"का? तोच हात ना?"

इथं तू विषय बदललास.  म्हणालास, "नीवेस, तुला बाजार कळत नाही. बाजार म्हणजे सगळ्यांनी मिळून एका गोष्टीवर विश्वास ठेवायचा. तुझं पत्र मागं घेतलंस तर सातवी एकटी पडणार नाही. बाकीच्या आठही पडतील. तुझा तो गुरांचा डॉक्टर पडेल. आणि बाबांचं नाव आत्ता कुठं झालंय, ते मातीत जाईल. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांना खोटारडा ठरवणार आहेस?"

"त्यांना मी ठरवतेय?"

"त्यांना कधी एवढं सुखी पाहिलं होतंस? खरं सांग. तू त्यांना तीन वर्षं टीव्हीसमोर बसवलंस. मी त्यांना काम दिलं."

यावर मी फोन ठेवला. कारण ते खरं होतं, आणि खऱ्याचा असा वापर करणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आता माझं ऐक. ऑगस्ट संपेपर्यंत वेळ देते. ज्यांनी गाडी घेतली त्या हॅम्बुर्गच्या लूटकेसाहेबांकडे जा, त्यांचे पैसे परत कर, आणि गाडी जशी आहे तशी, खऱ्या तारखेनं लोकांसमोर ठेव. मी शेजारी उभी राहीन. लोक हसतील, हसू देत. तू हे केलंस तर मी बाबांना स्वतः दर बुधवारी शेडवर नेईन, आणि तू यायला लागलास तर दारही उघडीन.

नाही केलंस तर मी लिहिणार.

नीवेस


मोदेना, ३० ऑक्टोबर

लोरिस,

मी लिहिलं हे तुला कळलंच आहे. सप्टेंबरच्या पाचला, आठही मालकांना, लूटकेंना आणि लिलाववाल्यांना, दोन ओळी. 'सातव्या गाडीबद्दलचं माझं पत्र मी मागं घेत आहे. तिची बॉडी माझ्या वडिलांनी २०१५ मध्ये, स्मृती गेलेली असताना, दर बुधवारी स्पिलाम्बेर्तो येथे घडवली.' एवढंच. तुझं नाव घातलं नव्हतं. का घातलं नाही ते मला विचारू नकोस.

तू म्हणाला होतास तसंच झालं. तीन आठवड्यांत बेल्जियमवाल्यानं डॉक्टरांना कळवलं की घाई नको, थोडं थांबू. मग कळवलं, नकोच. मिलानच्या एकानं पाचवी गाडी विकायला काढली होती, तिला बारा लाखसुद्धा कुणी पुकारले नाहीत. पाचव्या गाडीत काही दोष आहे का? काही नाही. साठ वर्षं एकाच घरात आहे, फोटो आहेत, पावत्या आहेत. पण लोक म्हणतात, बाईनं एकदा चूक केली तर दुसऱ्यांदा कशावरून केली नसेल?

काल पादोवाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर ग्वाल्तिएरो भेटले. तिसरी गाडी घेऊन आले होते. मी तोंड चुकवून निघणार, तर त्यांनीच हाक मारली.

"पळता कुठं नीवेस? या, बसा."

मी बसले. त्यांनी मला सॉसेज घातलेला पाव दिला, स्वतः खाल्ला नाही.

"तुमच्या एका कागदानं मी श्रीमंत झालो, दुसऱ्या कागदानं जमिनीवर आलो. त्याचं काही नाही, मी जमिनीवरचाच माणूस. मुलींना सांगितलं, बापाच्या मरणाची वाट बघा, तोवर भाव चढेल." हसले. मग थांबले. "पण मघाशी एक जण आला. चांगला कोट-बिट घातलेला. गाडीभोवती फिरला, वाकून पाहिलं आणि मला विचारतो, ही पण बुधवारची का हो? आणि सोबतचे सगळे हसले. माझे वडील रविवारी हिच्यात बसवून आम्हाला नदीवर न्यायचे, नीवेस. मला उलटं उत्तर सुचलं नाही. त्याचंच वाईट वाटतंय."

'बुधवारची गाडी.' सगळ्या बाजारात हेच चाललंय. कुठलाही जोड जरा स्वच्छ दिसला की एक दुसऱ्याला कोपर मारून म्हणतो, बुधवारची. शब्द माझ्या पत्रातला आहे. आपल्या घरातला दिवस होता तो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण परवा तुझ्या वकिलाचं पत्र आलं. तीनदा वाचलं. 'आमच्या अशिलांनी सदर गाडी सद्भावनेने विकली. बॉडीच्या अस्सलपणाबाबत ते संपूर्णपणे त्यांच्या भगिनी श्रीमती नीवेस बेर्गोन्झीनी यांच्या तज्ज्ञ मतावर विसंबून होते. त्या मताने त्यांचीही दिशाभूल झाली.'

तुझी दिशाभूल. माझ्या मतानं.

हे वाक्य तुला सुचलं की त्या वकिलाला? त्याला सुचलं असेल आणि तू नुसती मान हलवली असशील तर तसं कळव. एका ओळीत कळव. मी तेवढ्यावरही विश्वास ठेवीन, अशी मूर्ख आहे मी.

नीवेस


मोदेना, २५ नोव्हेंबर

लोरिस,

उत्तर नाही आलं. ठीक आहे.

वकिलाच्या त्या वाक्यावर मी इतकी का जळले याचा महिनाभर विचार करतेय. निव्वळ खोट्याचं एवढं लागत नाही. अर्धं खरं असलं की लागतं. म्हणून हे पत्र. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. माझ्या छातीवरून उतरावं म्हणून.

मार्चमध्ये मी लुगानोला आले. तू मला स्टेशनवर घ्यायला आलास, हातातली पिशवी घेतलीस, म्हणालास, "थकलीस?" दहा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मग दुकानात, सातव्या गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डखाली मी पाठीवर झोपून शिरले. टॉर्च लावला. आणि रडायला लागले. तुला वाटलं, आनंदानं. तू वरून म्हणालास, "सापडले ना बाबा?"

सापडले होते. जोडावरचे कानशीचे ओरखडे मी डोळे मिटूनही ओळखते. बाकी आठही गाड्यांत ते उजवीकडे चढत जातात. या गाडीत ते डावीकडे चढत होते. लोरिस, बाबांना २०११ साली झटका आला. तेव्हापासून त्यांचा उजवा हात नुसता धरायच्या कामाचा आहे. सूप, वस्तरा, सगळं डाव्यानं. छप्पन साली त्यांनी डाव्या हातानं कानस चालवली नव्हती.

मी तिथं किती वेळ पडून होते? पाच मिनिटं? त्या पाच मिनिटांत मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. शेड कळली नव्हती, उकिरडा कळला नव्हता. पण हा हात नंतरचा आहे, एवढं कळलं. आणि बुधवारी दमून येणारे बाबाही आठवले. मी ते दोन तुकडे एकमेकांना लावले नाहीत. मुद्दाम लावले नाहीत. हातात धरून राहिले, आणि मग खाली टाकले.

मी बाहेर आले, एप्रनला पुसावेत तसे ओव्हरकोटाला हात पुसले आणि म्हटलं, "बाबाच आहेत." तू मला जवळ घेतलंस. मी सही केली.

का केली? मी पैसे घेतले नाहीत हे तुझा वकीलसुद्धा नाकारत नाही. मला भीती वाटली की मी 'नाही' म्हटलं तर पुढच्या बुधवारी तू येणार नाहीस. एवढंच. साठीला आलेल्या बाईनं भाऊ परत जाऊ नये म्हणून जगाला खोटं लिहून दिलं. आणि तू? तू ते गणित आधीच मांडून ठेवलं होतंस. मी टॉर्च घेऊन आत शिरेन, मला दिसेल, आणि तरीही मी हो म्हणेन, हे तुला माझ्याआधी माहीत होतं. गाडी बनावट होती म्हणून तू मला फसवलं नाहीस. तू मला नीट ओळखून फसवलंस. त्याची भरपाई कुठल्या कोर्टात मागायची?

हे मी सरकारी वकिलांच्या कचेरीतही सांगणार आहे, लूटकेंनी तक्रार दिल्यामुळं मला बोलावलंय. तुला वाचवायला नाही आणि बुडवायलाही नाही. जे झालं ते.

नीवेस


मोदेना, १९ फेब्रुवारी २०१७

लोरिस,

हे शेवटचं. आता तुला काही विचारायचं राहिलं नाही; फक्त मंगळवारी जे झालं ते तुला माहीत असावं. तुझ्या वकिलाला त्याचा कागद मिळेलच. कागदात जे येत नाही ते मी लिहिते.

बाबांना कोर्टात नेता येणार नाही म्हणून ते लोक घरी आले. एक सरकारी वकीलबाई, टिपून घेणारी एक मुलगी, आणि तूरिनचे गाड्यांचे एक जाणकार. मी बाबांची दाढी केली, टाय बांधला. ते म्हणाले, "कुणाचं लग्न?" मी म्हटलं, तुमचं काम बघायला पाहुणे आलेत. लगेच ताठ बसले.

वकीलबाई फार अदबीनं बोलल्या. "एर्मेसकाका, ताराबूसींच्या गाड्या तुम्ही केल्या?"

"केल्या म्हणजे? दुसरं कोण करणार? ताराबूसीला खिळा ठोकता येत नव्हता."

तूरिनच्या जाणकारांनी एकेक फोटो समोर ठेवला. पहिला, मडगार्डच्या आतला जोड. बाबांनी बोटानं त्यावरून रेघ ओढली.

"हे माझं."

"कधी केलंत?"

"आत्ताच. नेल्लोनं जोड मारला, मी घासला."

"कुणी सांगितलं करायला?"

"माझ्या मुलानं." आणि मान वर करून त्या टिपून घेणाऱ्या मुलीला म्हणाले, "लिही हं नीट. लोरिस बेर्गोन्झीनी. दर आठवड्याला न्यायला येतो मला. हल्ली बापाला असं कोण विचारतं?"

तिनं लिहिलं. तुझ्या विरुद्धचं सगळ्यात भक्कम वाक्य, लोरिस, बाबांनी तुझं कौतुक करताना सांगितलं. मी चुलीशी उभी होते. कॉफी उतू गेली ते कळलं नाही.

मग जाणकारांनी बाहेरच्या बाजूचे फोटो ठेवले. लिलावाच्या पुस्तकातले, मोठे केलेले. तू ज्याला सौंदर्य म्हणून विकलंस ते सगळं त्यात होतं: रंगाचे उडालेले पोपडे, पत्र्यावर चढलेले पांढरे डाग, दारावरचा खोल पोचा, 'उरुग्वेच्या कुरणातल्या बैलाची आठवण' असं ज्याखाली छापलं होतं तो.

बाबांनी चष्मा वर केला. फोटो उचलून खिडकीपाशी नेला. परत आणला.

"हे काय?"

जाणकारांनी दुसरा फोटो पुढं सरकवला.

"हे काय झालंय? हे मी असं दिलं नव्हतं. नेल्लो! नेल्लो कुठंय? हा पोचा कुणी पाडला?"

"बाबा, बसा."

"बसा काय? सव्वा महिना लागला ह्या दाराला! आरशासारखं होतं, तोंड दिसत होतं त्यात. आणि हे डाग? कुणी मुतलं ह्याच्यावर?" त्यांनी डाव्या हातानं फोटो टेबलावर आपटला, उजवा तसाच लटकत होता. "सांगा की! कुणी केलं हे? त्याला आणा माझ्यासमोर. कष्टाचं काम होतं ते. कुणाला एवढा राग आला माझा?"

नेल्लोनं मला नंतर सांगितलं, दाराचा तो पोचा तू स्वतः पाडलास. नेल्लोला धीर होईना, म्हणून तू मोगरी घेतलीस आणि म्हणालास, "सरक, मी करतो." बाबा तेव्हा बाहेर ऊन खात बसले होते.

मी बाबांना तुझं नाव सांगितलं नाही. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं मी सांगेन. मी बाबांना खुर्चीत बसवलं. ते बराच वेळ रडले. लहान मूल रडतं तसे नाही, कारागीर रडतो तसे, दात आवळून. मग जेवायला बसले, सारण भरलेली तोर्तेल्लीनी पाहून खूश झाले आणि विसरले. विसरणं हे एवढं एकच सुख देवानं त्यांच्यासाठी ठेवलंय. मला ते नाही.

कुठली गाडी खरी ते लिहून ठेवलेली माझी नोंदवही मी गाडीमालकांच्या संघाला देऊन टाकली. ते आता पत्रा तपासायला यंत्र आणणार आहेत. धातू किती जुना आहे ते म्हणे ते सांगतं. बरंच आहे. यंत्राला भाऊ नसतो. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. तुला काय होईल ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही.

काल पेपरात सगळं छापून आलं. तुझा फोटो नाही, माझा आहे. जुना, केस काळे असतानाचा. बाबा न्याहारीला पेपर उघडून बसले होते. वाचता येत नाही आता, पण चित्रं बघतात. माझ्या फोटोवर थांबले.

"ही बाई कोण?"

मी म्हटलं, "ती गाड्यांच्या कागदांवर सह्या करते."

बाबांनी नाक मुरडलं. "सह्या करणाऱ्यांना पत्र्यातलं काय कळतं? उगाच टॉर्च घेऊन फिरतात."

मी त्यांच्या पावाला लोणी लावत होते. सुरी खाली ठेवली.

"नाही बाबा," मी म्हटलं, "हिला कळत होतं."

नीवेस